मावशीचा अंगठा

माझी मावशी बावीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतेय. तिच्या हातून न निघणारा डाग अजून पडायचाय. हे मी म्हणत नाही, तीच म्हणते, दिवसातून दोनदा. तिथे खोलीएवढी यंत्रं आहेत, पण रक्ताच्या नि औषधांच्या डागांच्या चादरी आधी हातानेच भिजवाव्या लागतात, आणि त्या हौदावर मावशी दुसऱ्या कुणाला फिरकू देत नाही. रबरी हातमोजे मिळतात. ते खुंटीला छान लटकलेले असतात. हातमोजे घातले की डाग बोटांना कळत नाही, असं तिचं म्हणणं. तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप आहे?

या वर्षी अचानक हंगामी कामगारांना कायम करायची यादी लागली आणि मावशीचं नाव पहिलं! तिने घर डोक्यावर घेतलं. यंत्रावर अंगठा उमटवायचा, कागद घ्यायचा, संपलं. ती नवी साडी नेसून गेली, अंगठा टेकवला, तर लाल दिवा. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. दहाही बोटं झाली. कारकून कंटाळून म्हणाला, "बाई, हात स्वच्छ करून या उद्या."

आता हे सांगायचं कुणाला, धुणाऱ्या बाईला? मावशीने घरी येऊन कपड्यांची पावडर ओतली, ब्रश घेतला आणि अर्धा तास अंगठा घासला. वर ब्लीचचा हात फिरवला, कसर नको म्हणून. सकाळी अंगठा उकडलेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत नि लालभडक. यंत्राने ढुंकूनही पाहिलं नाही.

"यंत्रवाले सहा आठवड्यांनी परत येतील," कारकून म्हणाला. "तेव्हा उमटला तर ठीक. नाहीतर पुढच्या यादीत बघू."

पुढची यादी! आधीची नऊ वर्षांपूर्वी लागली होती. तोवर मावशी निवृत्त झालेली असणार, तीही हंगामी म्हणूनच.

मी औषधाच्या दुकानात काम करते. वरच्या मजल्यावर त्वचेच्या डॉक्टर बसतात. मावशी रडत दुकानात आली तेव्हा मला तिची दयाही आली आणि संतापही. मी तिला जवळजवळ ओढतच वर नेलं. डॉक्टरांनी भिंगातून अंगठा पाहिला आणि हसल्या.

"मावशी, कातडी म्हणजे एकावर एक घातलेल्या चादरी समजा. नवी खाली तयार होते, हळूहळू वर सरकते, आणि सगळ्यात वरची जुनी होऊन झडते. तुमची वरची चादर तुम्ही धुऊन फाडलीत. तिच्यातलं तेलही साबणाने काढून टाकलंत, म्हणून या भेगा."

"आणि नक्षी? ती गेली का कायमची?" मावशीचा आवाज एवढासा झाला.

"नक्षी खालच्या गादीची असते. गादी शाबूत दिसतेय. नवी चादर आली की तीच नक्षी वर उठेल."

मावशी ताडकन उभी राहिली. "चादर बदलायला किती दिवस?"

"तरुण माणसाला महिनाभर. तुमच्या वयाला दीड महिना, कदाचित थोडं जास्त. त्यात तुम्ही ब्लीचमध्ये हात घातलात, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

सहा आठवडे म्हणजे दीडच महिना! मी बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं.

मग सुरू झाली आमची मोहीम. मुकादमाला गाठून मावशीला हौदावरून घड्या घालण्याच्या टेबलावर हलवलं. घरी भांडी काकांच्या गळ्यात पडली. ते कुरकुरले, पण घासली. गरम पाणी बंद, कोमट चालू. साबण सौम्य. हात पुसायचे ते टिपून, आणि ओले आहेत तोवर मलम. झोपताना जाड थर लावून वर सुती हातमोजे. ते घालून मावशी लग्नातल्या बँडवाल्यासारखी दिसायची आणि मी तसं म्हटलं की उशी फेकून मारायची.

दुसऱ्या आठवड्यात भेगा मिटल्या. तिसऱ्यात कातडीची बारीक सालं निघाली. मावशी घाबरली, मी नाचले. चौथ्या आठवड्यात तिने धुलाईखान्यातून फोन केला, आणि मला वाटलं आग लागली.

"अगं, रेघ! कडेला एक रेघ दिसतेय!"

"हात कोरडा आहे ना?"

"तुझ्या आईशप्पथ कोरडा आहे!"

शेवटच्या आठवड्यात मात्र हौदावरच्या नव्या बाईला एक डाग निघेना, आणि मावशीचा हात आपोआप पाण्याकडे गेला. मुकादम ओरडला म्हणून थांबला. हे तिने मला स्वतः सांगितलं, मान खाली घालून. पुढचे चार दिवस मी तिच्याशी नीट बोललेही नाही, इतकी मी घाबरले होते.

यंत्रवाले परत आले त्या दिवशी मी रजा टाकून बरोबर गेले. मावशीने अंगठा टेकवला. लाल. कारकुनाने भुवई उडवली आणि म्हणाला, "जोरात दाबू नका हो. नुसता ठेवा."

तिने श्वास रोखला आणि नुसता ठेवला. हिरवा! कारकुनाच्या पडद्यावर तिचा अंगठा थाळीएवढा उमटला, गोल गोल रेघांचा, मधे एक भोवरा. मावशी बघतच राहिली. "हा माझा?" तिने विचारलं. "इतका सुंदर?" कारकुनाने कागद पुढे केला तरी ती पडद्यावरून नजर हलवेना. मी चक्क ओरडले, रांगेतल्या बायकाही ओरडल्या, आणि मावशीने त्यांतल्या दोघींचे हात धरून उलटेपालटे करून पाहिले नि तिथेच झापायला सुरुवात केली.

तिथून ती मला घेऊन थेट माझ्या दुकानात आली, मालकांना कागद दाखवायला. बोलता बोलता तिने काउंटरच्या काचेवर अंगठा दाबला. मलमाचा हात, त्यामुळे ठसा लख्ख उठला. मालक फडकं घेऊन पुढे झाले, तशी मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या," मी म्हटलं. "तो पुसायचा नाही."