शेळीने खाल्लेली आठ वर्षे

दुपारचा डबा संपवून मंदाकिनीबाई संशोधन केंद्राच्या बियाण्याच्या खोलीत गोणीला पाठ टेकतात आणि पाचच मिनिटे म्हणून डोळे मिटतात. पाच मिनिटांवर थांबलेली डुलकी आजवर कुणी पाहिलेली नाही! उद्या तज्ज्ञ समिती त्यांचा ज्वारीचा वाण पाहायला यायची आहे. आठ वर्षे निवडून निवडून स्थिर केलेली ही पांढरी ज्वारी; आणि यंदा ऐन वेळी तिच्यात लाल पट्ट्यांचे दाणे निघालेत. खाण तशी माती म्हणतात, पण या ज्वारीला ते कुणी सांगितलेले दिसत नाही. पट्टेवाली ताटे आज गुपचूप उपटली, तर वाण मंजूर होईल. बाईंचे मन तिकडेच झुकले आहे.

गोण्यांमागे कुणीतरी खाकरते.

"ताई, निजलाव व्हय?"

तुपेमामा. केंद्रावरचे जुने मजूर, बाईंच्या प्लॉटचे राखणदार. श्रावणात वारले. त्यांच्या मातीला बाई स्वतः गेल्या होत्या, तरी आता त्यांना नवल वाटत नाही.

"मामा, बघा ना काय झालंय माझ्या ज्वारीला."

"चला की."

दोघे उठतात ते बैठकीच्या हॉलमध्ये. खुर्च्यांच्या रांगांमधून ज्वारी उभी आहे, पंख्याच्या वाऱ्याने डुलते आहे. मामा चपला काढून आत शिरतात आणि एक कणीस वाकवतात. पांढऱ्या दाण्यांवर लाल रेघा.

"जनुकाचा एखादा तुकडा जागा सोडून उडी मारतो, मग असा रंग फुटतो," बाई म्हणतात. "पण आठ वर्षं नव्हतं हो हे!"

मामा खाली बघतात.

"व्हतं, ताई. दर साली व्हतं. तुमी यायच्या आदी म्या पहाटं कापून न्यायचो."

"आणि मला पाखरांनी खाल्लं म्हणून सांगायचात?"

"तुमी लई जीव टाकायचा तिच्यावर. म्हनलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आट वरसं आमची शेळी तुमचं संशोधन खातीया."

हॉलची भिंत आता नाही. मामांची ओसरी आहे, आणि शेळी निवांत रवंथ करते आहे. बाईंना भयंकर राग येतो. मग हसू येते, आणि त्याच दमात रडू.

"मामा, माझी आठ वर्षं गेली की!"

"शेतकऱ्यानं पेरल्यावर पहाटं कापाय कोन जानार?" मामा हळूच विचारतात. "म्या तर आता न्हाई."

ते बाईंच्या पदराचे टोक घेतात, त्यात चिमूटभर काहीतरी घालून गाठ मारतात.

"उद्या सायबास्नी दावा."

"आणि वाण नामंजूर झाला तर?"

"तर फुडच्या साली पुन्ना निवडा. माझं चुकलं, ताई."

"बाई, अवो बाई!"

दारात रखमा उभी आहे, मजुरांची मुकादम. "पट्ट्याची ताटं उपटाय घेऊ का? ऊन उतरलंय."

बाई डोळे पुसायला पदर उचलतात आणि त्याच्या टोकाला गाठ लागते. बोटांनी सुटत नाही, दातांनी सोडवावी लागते. आत सात दाणे, लाल पट्ट्यांचे. आज बाईंनी शेतात पाऊलसुद्धा ठेवलेले नाही.

त्या दाणे पुन्हा पदरात बांधतात.

"एकही उपटू नकोस," त्या म्हणतात. "पट्ट्याच्या प्रत्येक ताटाला लाल चिंधी बांध. समितीला बांधावरूनच दिसली पाहिजेत."