व्हिसाच्या खिडकीवरचं उत्तर

माझे बाबा, धर्माजी, भरडखोलला होडीवर मासेमारी करतात. कॉलेजात मी सांगायचे, ते न्हावा शेवाला ऑफिसात आहेत. माझी जीभ कशी झडली नाही!

विद्यार्थी व्हिसा हवा तर शिकून मायदेशी परतणार, हे पटवून द्यावं लागतं. परदेशातल्या माझ्या विद्यापीठाने मेलवर बजावलं होतं, खरं तेच सांगा. मुंबईत मुलाखतीला साहेबाने विचारलं, "परत का येशील?" पाठ केलेलं उत्तर त्याला पटेना. शेवटी तोंडून निघालं, "घरी बाबा एकटेच आहेत. होडीवर जातात. त्यांच्यासाठी येईन."

व्हिसा मंजूर झाला.

बाहेर आले. बाबा पलीकडच्या फुटपाथवर उन्हात उभे होते. कपड्यांना मासळीचा वास येतो म्हणून मीच त्यांना तिथे थांबवलं होतं.

मला बघून त्यांनी तिथूनच विचारलं, "आता येऊ का गो?"