एकदाच मारलेली हाक

मार्च महिन्यात आमच्या वर्गात दोन वास एकमेकांत मिसळलेले असत. एक शेजारच्या लाकडाच्या डेपोतल्या करवतीखालून उडणाऱ्या सागाच्या भुशाचा, कोरडा आणि किंचित तुरट. दुसरा, पहाटे मोहफुले वेचून तसेच शाळेत आलेल्या मुलांच्या बोटांना आणि केसांना चिकटलेला, गोड, जड, जरासा आंबूस. आलापल्लीच्या त्या पत्र्याच्या छपरीत ऊन फळ्यांच्या फटींतून आत येई आणि मुलांनी अंथरलेल्या चटयांवरून हळूहळू सरकत जाई. कोणत्या चटईवर ते पोचले म्हणजे घरी जायचे, हे सगळ्यांना पाठ होते.

नागपुरात मी माँटेसरी पद्धत शिकले तेव्हा साधने चकचकीत आणि विकतची होती. इथे ती आम्हीच केली. डेपोतल्या सुताराने सागाच्या तुकड्यांतून लहानमोठे दहा ठोकळे कापून दिले, मी ते गेरूने रंगवले आणि एकावर एक रचायचा तो आमचा गुलाबी मनोरा झाला. नदीची वाळू चाळून, सरसाने फळ्यांवर चिकटवून अक्षरे केली. मण्यांच्या जागी रिठ्याच्या बिया, दहा-दहाच्या माळांत ओवलेल्या. हौस म्हणून नव्हे. दुसरा इलाज नव्हता.

त्या वाळूच्या अक्षरांवरून बोट फिरवत जैनी लिहायला शिकली. जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, येणारी ती एकटीच. बाकीची मुले डेपोतल्या कामगारांची, नाहीतर गावातल्या धान पिकवणाऱ्या घरांतली. दोन कोस चालत ती आजीबरोबर येई. नऊ वर्षांची असताना ती चार-चार आकड्यांची बेरीज रिठ्याच्या माळा मांडून करी आणि उत्तर आले की माळा जागेवर ठेवून मुकाट्याने दुसरी घेई. शाबासकीची तिला गरज वाटत नसे. जिल्ह्याच्या गावी, चांद्याला, मुलींच्या वसतिगृहात आमच्या शाळेसाठी एक जागा होती, आणि ती जैनीचीच, हे मी मनाशी ठरवून टाकले होते. तिच्या आजीनेही. ‘‘हिले चांद्याले धाड, बाई,’’ ती प्रत्येक खेपेला म्हणे. ‘‘इथी राह्यली त माह्यासारखी होईन.’’

आमच्या पद्धतीत शांततेचा एक खेळ असतो. खिडक्या लोटायच्या, मुलांनी डोळे मिटून इतके निश्चल बसायचे की स्वतःचा श्वास ऐकू यावा. मग बाईने शेजारच्या खोलीत जाऊन, दाराआडून, कुजबुजत्या स्वरात एकेकाचे नाव घ्यायचे, एकदाच, आणि ज्याचे नाव त्याने पावलांचा आवाज न करता तिच्याकडे यायचे. मला तो खेळ फार प्रिय होता. दिवसभराचा कलकलाट गाळ खाली बसलेल्या पाण्यासारखा निवळे, दूरचे करवतीचे सूरही त्यात सौम्य होत, आणि दाराच्या उंबऱ्यावर एकेक उजळलेला चेहरा उगवे. जैनीचा कधीच उगवला नाही. मी चार वेळा, चार निरनिराळ्या दिवशी, तिचे नाव घेतले. ती मुठी आवळून बसून राही. तिचे ओठ पांढरे पडलेले मी फटीतून पाहिले होते. त्याचा अर्थ मी ऐकण्याचे कष्ट असा लावला.

वसतिगृहासाठी प्रत्येक मुलीचे निरीक्षणपत्रक भरायचे होते. मी खोटे लिहिणारी बाई नाही. श्रवणाच्या रकान्यात मी लिहिले: मंद, हाकेस प्रतिसाद नाही. त्याच पत्रकात खाली, सावधपणाच्या रकान्यात, लाकडाचा ट्रक येत असल्याचे ही मुलगी इतरांच्या कितीतरी आधी सांगते, असेही मीच लिहिले. दोन्ही ओळींची शाई एकाच वेळी वाळली, आणि मला काही खटकले नाही. एवढ्यावर मी थांबले नाही. जैनीला मी पुढे बसवले आणि मुलांना बजावले की तिच्या समोर जाऊन, तोंडाकडे तोंड करून, मोठ्याने बोलायचे. मुले आज्ञाधारक होती.

मे महिन्यात नकार आला. जागा दुसऱ्या शाळेच्या मुलीला गेली. शाळा झाडणारी, पाणी भरणारी तानाबाई तेव्हा माठ घासत होती. तिला मी कारण सांगितले, मुलगी बहिरी म्हणून, तर तिने हातातला काथ्या खाली टाकला.

‘‘कोन बहिरी? जैनी? अवो बाई, ते पोरगी तिकडं पान पडलं तरी इकडं सांगते!’’

‘‘मग हाकेला का येत नाही?’’

‘‘तुमी दाराआड लपून, हळूच, अन् एकदाच नाव घेता. तिच्या टोल्यावर अशी हाक कोन मारते, ठाऊक नाई का जी? माणूस असन त जोरानं मारन, तीनदा मारन. एकदाच हळू बोलावते ते माणूस नसते. त्याले ओ देल्ली का गेलं पोरगं.’’ मग तिला हसू आवरेना. ‘‘भूत समजली जी ते तुमाले!’’

मी हसले नाही. त्या दुपारी पत्रा तापून तडतडत होता, बाहेरचे साग निष्पर्ण उभे होते, आणि मी बसून वसतिगृहाला पत्र लिहिले. चूक माझी आहे, मुलगी सुदृढ आहे, पत्रक दुरुस्त करावे. उत्तर नाही म्हणून पावसाळ्यात दुसरे लिहिले, आणि पुढे खात्याला तिसरे. तेवढ्यात राज्यांची फेररचना होऊन आमचा जिल्हा एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात गेला. आमच्या सागांना त्याचा पत्ता नव्हता, कागदांना मात्र होता. हिवाळ्यात दोन ओळी आल्या: प्रकरण पूर्वीच्या राज्यातील असल्याने विचारात घेता येत नाही.

तोवर वर्गाला सवय लागून गेली होती. जैनीशी सगळे ओरडून, हातवारे करून बोलत. मी मुलांना सांगितले की तसे नाही, माझी चूक झाली; त्यांनी माना हलवल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडले. आणि जैनी, जिला सारे ऐकू येत होते, कोणी समोर येऊन उभे राहीपर्यंत मान वर करीनाशी झाली. ट्रक येतो आहे, असे तिने पुन्हा कधी सांगितले नाही. मी वाळूवर बोट फिरवायला शिकवले ते तिने जितक्या नेटकेपणाने उचलले, तितक्याच नेटकेपणाने हेही उचलले.

धान कापणीला आले तेव्हा आजी तिला कायमची न्यायला आली. चांद्याला जायचे नसेल तर अक्षरांचे करायचे काय, असा तिचा सरळ हिशेब. मी तिला समोर बसवून सगळे सांगितले. पोरीचे कान चांगले आहेत, चुकून लिहिले.

‘‘तूच लिवली न, बाई?’’

‘‘हो. पण चुकून.’’

‘‘कागदावर लिवलं न.’’ तिच्या आवाजात राग नव्हता. उलट माझीच समजूत घालावी तशी ती बोलली. ‘‘मंग असन थोडं.’’

आणि ती वाकून नातीच्या कानाशी ओरडली, ‘‘चाल!’’

जैनीने चटई गुंडाळून फळीवर उभी केली. ती दारापाशी पोचल्यावर मी मागून, रोजच्या आवाजात, म्हटले, कापणी झाली की परत ये. ती वळली. तिने माझ्या ओठांकडे पाहिले, आणि मी आता काहीतरी बोलेन म्हणून वाट पाहत उभी राहिली.