बाळंतिणीचा तांब्या

माझी धाकटी जाऊ मेंदूची डॉक्टर आहे, हे मी इतक्या लोकांना आपणहून सांगितलं आहे की ऐकणाऱ्याला वाटावं, मला तिचं केवढं कौतुक! कौतुक वगैरे काही नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते ऐकावं लागण्यापेक्षा आपणच आधी सांगून मोकळं झालेलं बरं, एवढंच.

ती मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात होती तोवर ठीक होतं. लांबचा दिवा डोळ्यांत जात नाही. पण २०१४ साली तिनं ती नोकरी सोडली आणि मसोलीच्या आमच्या घरी राहायला आली. डहाणूला दवाखाना उघडला, आठवड्यातून एकदा तलासरीला जाऊ लागली. लकवा झालेली माणसं तिच्याकडे यायची. पुढे पुढे बायकाच जास्त. ती म्हणायची, "ताई, बायकांचा लकवा उशिरा कळतो. आधी भाकऱ्या संपवतात, मग सांगतात, हात उचलत नाही म्हणून."

जेवताना ती असं काही बोलली की घर गप्प होऊन ऐकायचं. मी त्याच भाकऱ्या थापत असायचे.

पापलेटाचा मधला तुकडा तिच्या ताटात जाऊ लागला. "दमून येते गं ती," सासूबाई म्हणायच्या. मी सकाळपासून वाडीत चिकू निवडून, मासळी साफ करून, चुलीपुढे उभी. मी काय पाळण्यात झुलत होते? हे मी बोलले, पण मांजरापाशी. एकदा झाई गावाला जाणाऱ्या बसमध्ये एका बाईनं उठून मला जागा दिली. मला वाटलं, माझं वय बघून. तर म्हणाली, "तुम्ही डॉक्टरीणबाईंच्या जाऊ ना?" मी उतरेपर्यंत उभीच राहिले.

माझं म्हणून एकच राज्य होतं, बाळंतपणांचं. आळीतली बाळंतीण घरी आली की बोलावणं मला यायचं. तेल, शेक, ओव्याची धुरी, डोक्याला घट्ट रुमाल, आणि पाणी अगदी मोजकं. बाळंतशोपा घालून उकळलेलं, वाटीभर. जास्त पाणी प्यालं की पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, असं माझ्या आईनं मला सांगितलेलं. धाकट्या जावेचं बाळंतपणसुद्धा मीच केलं होतं. ती तेव्हाही डॉक्टर होती, पण महिनाभर मी म्हणेन तशी वागली. तीच माझी पदवी. तेवढ्यावर मी पुष्कळ वर्षं काढली.

मग एक दिवस तिच्याकडे सायवनची एक बाळंतीण फिट येऊन आली. रात्री जेवताना जाऊ सांगत होती, "डोकं दुखतंय म्हणत होती बिचारी. घरचे म्हणाले, वारं लागलं. पाणीच देत नाहीत हो. बाळंतपणात रक्त मुळातच गोठायला टपलेलं असतं. त्यात अंगातलं पाणी आटलं की मेंदूतल्या शिरेत गाठ बसते."

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "आपल्याकडे तर असंच करत आलो."

करत आलो म्हणजे कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. जावेनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते न पाहणंच मला जास्त लागलं.

२०१७मध्ये माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ-बाळंतीण दवाखान्यातून सुखरूप घरी आली आणि मी पदर खोचला. तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, काकूनं सांगितलंय, तहान लागो न लागो, पाणी पीत राहायचं." तिच्या उशाशी भरलेला तांब्या होता. काकूनंच सकाळी आपल्या दवाखान्यात निघताना ठेवला होता.

"तुझ्या काकूचं बाळंतपण कुणी केलं, विचार तिला," मी म्हटलं. "काय बिघडलं तिचं?" आणि तांब्या उचलून न्हाणीत नेऊन ठेवला.

आजवर कुणाला सांगितलं नाही ते हे, की मला जावेचं म्हणणं पटलं नव्हतं असं नाही. त्या रात्री जेवतानाच पटलं होतं. पण तांब्या तिथं राहू दिला असता तर माझ्या घरात, माझ्याच लेकीच्या खाटेपाशी, तीच शहाणी ठरली असती.

काही दिवसांनी लेकीचं डोकं दुखायला लागलं. मी सुंठेचा लेप लावला. दुसऱ्या दिवशी तिला उलटी झाली. "काकूला फोन कर ना," ती म्हणाली. "कामात असेल ती," मी म्हटलं. भर दुपारी, बाळाला पाजता पाजता, लेकीचे डोळे फिरले आणि सगळं अंग झटके देऊ लागलं. मी बाळ कसं उचललं ते मला आठवत नाही. शुद्धीवर आली तेव्हा तिचा उजवा हात लोंबत होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

जाऊ तलासरीला होती. फोनवर तिनं एवढंच सांगितलं, "थांबू नका, सरळ वापीला निघा." आम्ही पोचलो तेव्हा ती हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर घेऊन उभी होती. आत नेता नेता तिनं विचारलं, "ताई, पाणी पीत होती ना?"

"हो तर. भरपूर. तू सांगितलंस ना."

तिनं लेकीच्या ओठांकडे पाहिलं. पापुद्रे धरलेले ओठ. मग माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणून आत गेली.

मेंदूच्या शिरेत गाठच होती. रक्त पातळ करण्याची इंजेक्शनं सुरू झाली. जाऊ दवाखाना बंद ठेवून तिथंच राहिली. लेकीला वाचा आली, मग हातात जीव येऊ लागला. तिनं उजव्या हाताची पहिली मूठ आवळली ती काकूच्या बोटाभोवती. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. पोटची पोर मरणाच्या दारातून परत आली होती, आणि मला आनंद व्हायच्या आधी हेवा वाटला. आनंदही झाला. पण आधी काय वाटलं ते मला माहीत आहे.

लेकीला त्या दिवसांतलं काही आठवत नाही. तांब्याही नाही. घरात सगळे म्हणत, देवानं आणि काकूनं वाचवली. मीही मान हलवायचे.

२०१९मध्ये जाऊ म्हणाली, "ताई, तलासरीला पाड्यावर बायकांशी बोलायचंय. माझं ऐकत नाहीत. म्हणतात, सुई टोचणारी, हिला काय कळतं? तुम्ही बाळंतपणं केलेल्या, तुम्ही बोला." मला बरं वाटलं, का खोटं बोलू? तिला माझी गरज पडली होती.

अंगणात बायका जमल्या. बाळंतिणीला पाणी द्या, डोकं दुखलं तर घरी बसवू नका, असं मी सांगितलं. मी बोलले की त्या जावेकडे बघायच्या, खरं का म्हणून. मला रागच येत होता. तेवढ्यात एक म्हातारी मला म्हणाली, "आमाला सांगतंस बाय. तुज्या लेकीला दिलंस का पानी?"

हो म्हणणं सोपं होतं. एकदा म्हणून झालेलंही होतं.

"नाही," मी म्हटलं. "तांब्या होता तिच्यापाशी. मी उचलून नेला. पोर मरता मरता वाचली."

"का नेलास?"

"हिनं ठेवला होता म्हणून."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, जावेकडे पाहिलं. "जावा का गो तुमी?"

"हो."

"मंग बरोबर," ती म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या. त्यानंतर मात्र त्यांनी माझ्याकडेच बघून ऐकलं.

परतताना जाऊ गाडी चालवत होती. पाडा मागं पडला. मग म्हणाली, "मला तिचे ओठ बघितले तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुठल्या तोंडानं बोलू? माझ्या बाळंतपणात मी दुपट्यांखाली पाण्याची बाटली लपवायची. तुम्ही एवढ्या मायेनं करत होतात, वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. तेव्हाच सांगितलं असतं, की ताई, मी पाणी पितेय म्हणून मी ठीक आहे, तर तुम्हाला वाटलं नसतं की मोजक्या पाण्यावर सगळं निभतं. डॉक्टर मी होते. चूक माझीही आहे."

माझी ती पदवी दुपट्यांखालच्या बाटलीवर उभी होती तर. लेकीच्या बाबतीतला गुन्हा तरी आजवर माझा एकटीचा होता. त्यातलाही वाटा तिनं उचलला, आणि त्यातही तीच मोठी ठरली.

मसोलीला पोचलो तेव्हा ओटीवर दिवा होता. लेक माहेरी आलेली होती, मुलाला भरवत बसली होती. जाऊ गाडी मागं घेऊन झाडाखाली लावत होती. तिची वाट न बघता मी भराभर पायऱ्या चढले. लेकीला तांब्याचं कुणी सांगायचं झालं तर ते मीच, आणि जावेच्या आधी.