वासंतीबाईंची ट्रूडे

दिवे मंद होतात. ब्राउनश्वाइगच्या युनिव्हर्सिटीतला लेक्चर हॉल. पडदा नाही, विंग नाही. फळ्यासमोर एक खुर्ची, एक जुना मायक्रोफोन आणि चंदेरी गाऊनमधल्या, सत्तरीला टेकलेल्या वासंतीबाई. समोर वर चढत गेलेल्या लाकडी बाकांवर जर्मन विद्यार्थी आणि प्राध्यापक. अगदी मागे आपली मराठी मंडळी, जेवणाचे डबे मांडीवर सांभाळत.

वासंतीबाईंची उमेदीची वर्षं रंगभूमीवर गेली. कंपनीच्या बसमध्ये झोपल्या, अंगात ताप असताना नायिका झाल्या. पुढे नायिकेच्या आईची कामं आली, मग तीही आटली. मुलाकडे जर्मनीत आल्यावर सुनेनं, स्वानंदीनं, त्यांना जर्मनच्या वर्गात घातलं. तिथल्या बाईंनी गावच्याच एका नटीची गोष्ट सांगितली. ट्रूडे वेंडलर, खाटकाची मुलगी. मूकपटांच्या काळात हॉलिवूडला गेली, राणीसारखी मिरवली; बोलपट आले आणि लोक तिच्या उच्चारांना हसू लागले.

"ही भूमिका माझी," वासंतीबाईंनी घरी येऊन जाहीर केलं.

"आई, अहो, जर्मनमधून? तुमचं डेर-डी-दासचं व्याकरण अजून कुठे धड..."

"तिचं तरी इंग्रजी कुठे धड होतं? म्हणून तर!"

संहिता त्यांनीच लिहिली, स्वानंदीनं व्याकरण तपासलं. प्रयोगाच्या सकाळी मात्र बाई एवढंच म्हणाल्या, "आज पडलं, तर परत तोंडाला रंग लावायची नाही मी."

पहिला प्रवेश संपला. ट्रूडे बॅग उचलून घर सोडते. अंधार. आणि अख्ख्या हॉलमधून आवाज उठला : ठक्, ठक्, ठक्. पोरं मुठींनी बाकं बडवत होती.

कॉलेजात बाकं वाजली की त्याचा अर्थ नटाला पक्का ठाऊक असतो : आत जा! मिरजेला एका चांगल्या नटाला त्यांनी असं आत जाताना पाहिलं होतं. तो पुन्हा उभा राहिला नाही. कडेला स्वानंदी हातवारे करत होती. आत बोलावतेय, बाईंना वाटलं.

त्या गेल्या नाहीत. पुढचा प्रवेश स्टुडिओतला. ट्रूडे माइकवर एक वाक्य बोलते, साहेब लोक हसतात. तालमीत बाई इथे रडायच्या. आज त्यांनी पहिल्या रांगेकडे थेट पाहिलं.

"हसून झालं? मला घाई नाही. पुन्हा घ्या."

तेच वाक्य त्या पुन्हा बोलल्या. मग पुन्हा, आणखी सावकाश, आपल्या त्याच मराठी वळणाच्या जर्मनमध्ये. बाक करकरायचंही थांबलं.

तिथून ट्रूडे चढत गेली. तिची पोस्टर्स लागली, तिच्या नावावर थिएटरं भरली. चाळिशीत स्टुडिओनं दार लावलं, तेव्हा ती बॅग घेऊन गावोगावी नाटकं करत हिंडली. हा भाग वासंतीबाईंना करावा लागलाच नाही; तो आपोआप झाला. शेवटी ट्रूडे माइक बाजूला सारते : "कॅमेरा तुमचा होता. चेहरा माझा आहे."

अंधार. आणि पुन्हा बाकं! आता तर पायही आपटत होते. वासंतीबाई हनुवटी वर करून उभ्या राहिल्या. काढा बाहेर, बघू कसं काढता.

स्वानंदी धावत आली. "आई, अहो, वाकून नमस्कार करा ना! आवडलंय त्यांना. इथे वर्गात टाळ्या नाहीत, अशीच दाद देतात. मघाशीही तेच होतं, मी खुणा करून थकले!"

"मघाशीही? मग मी इतका वेळ चिडले कुणावर?"

"ते मला नका विचारू. पण असंच चिडत जा!"

बाई वाकल्या तसा हॉल उभा राहिला. मागून मराठी गळ्यांनी 'वन्स मोअर' दिला, जर्मन पोरांनी तो उचलला आणि माइकचा प्रवेश पुन्हा झाला, पहिल्याहून सरस.

कार्यक्रम ठरवणारा उत्कर्ष फोन हातात धरूनच पुढे आला. "काकू, स्टुटगार्टचं मंडळ विचारतंय, कधी येता? त्यांचा हॉल एकदम पॉश आहे, मऊ खुर्च्या वगैरे."

वासंतीबाईंनी ओठांवरची लाली पुसली.

"येते म्हणावं. पण खुर्च्या नकोत, बाकंच मांडायला सांग."