छत्रीचा फटका आणि सुनेची सही

सुनेच्या बाळंतपणासाठी मी पहिल्यांदा तोक्योतल्या कोतो भागात आले, तेव्हा एकसष्ट वर्षांची होते आणि स्वतःला भारी शहाणी समजत होते. तिसऱ्याच दिवशी सकाळी खाली कचरा ठेवून वळले, तर इमारतीतले एक आजोबा माझीच पिशवी उघडून आत हात घालताना दिसले. चोर! हातात छत्री होतीच. दिली मनगटावर एक ठेवून.

तासाभराने मी आणि ते आजोबा पोलीस चौकीत. मुलगा कामासाठी ओसाकाला, म्हणून दुभाषी कोण, तर आठ महिन्यांची पोटुशी सून.

"आई, प्रकरण वाढलं आणि तुम्हाला परत पाठवलं, तर मी इथे एकटी काय करू?" ती म्हणाली. माझी मान ताठच.

तरुण पोलिसाने आधी छत्री टेपने मोजली. मग वर्तमानपत्राची गुंडाळी देऊन म्हणाला, खुर्चीच्या हातावर मारून दाखवा. एखादीने हळूच टेकवली असती. आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, अशी हाणली की गुंडाळीच फाटली.

"आई!"

"विचारलं ते दाखवलं. खोटं कशाला?"

सून दबक्या आवाजात म्हणाली, "त्यांचं मनगट नुसतं लाल झालंय. पण त्यांनी डॉक्टरचा दाखला आणला, शिक्षा हवीच म्हणाले, तर कागद सरकारी वकिलाकडे जाणार. नाहीतर समज देऊन सोडतील. तुम्हाला वाईट वाटतंय का, तेही बघतायत."

"आधी विचार, माझ्या कचऱ्यात हात कशाला घातला!"

विचारलं. त्या दिवशी कचऱ्यावर लक्ष ठेवायची पाळी त्यांची होती. मी कोथिंबिरीच्या देठांत रिकाम्या बाटल्या कोंबल्या होत्या. गाडीवाले अशी मिसळलेली पिशवी न उचलता वर ‘चूक’ असं स्टिकर चिकटवून गेले असते. सगळ्यांसमोर आमची शोभा नको, म्हणून आजोबा गुपचूप बाटल्या वेगळ्या काढत होते.

मी उठले आणि बाकावरच्या आजोबांपुढे इतकी वाकले की चष्मा त्यांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो पुसून दिला आणि पोलिसाला सांगितलं, शिक्षा नको.

समज मिळाली. वर एक अट : माझ्यावर लक्ष ठेवायची हमी घरच्या कुणीतरी लिहून द्यायची. सुनेने झोकात सही केली. सासूला सुनेच्या ताब्यात देणारे पोलीस मी तरी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत.

त्या बाळाचे आता दुधाचे दात पडतायत. अजूनही मी स्वयंपाकघरात आवाज चढवला की सून भाजी चिरता चिरता एवढंच म्हणते, "आई, सही माझी आहे हं."

मग मी निमूट टाकायच्या बाटलीचं झाकण काढते, वरचा कागद सोलते आणि बाटली धुवायला घेते.