इरल्याचा नंबर

चाळिशीत मला शिकायची हुक्की आली. आठवडाभर महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचं आणि रविवारी बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत पोस्टाने आलेली व्यवस्थापनाची पुस्तकं वाचायची. विषय होता संस्थेच्या आतली उद्योजकता आणि नवनिर्मिती. पुस्तक म्हणत होतं की प्रत्येक संस्थेत एक संशोधक दडलेला असतो, त्याला शोधा. आमच्याकडे दडलेले पुष्कळ होते, पण ते सगळे कॅन्टीनच्या मागे.

माझ्या प्रकल्पाला शेवटी सापडले ते कापडे गावचे काका. अकरा वर्षं ठेकेदाराकडून सांडपाण्याच्या पंपावर राबत होते. पंपाची मोटर उघड्यावर, दर पावसाळ्यात जळायची. पत्र्याखाली तापायची, प्लास्टिकखाली तिला घाम फुटायचा. काकांनी एकदा घरून भातलावणीचं इरलं आणलं. बांबूच्या कामट्यांत पळसाची पानं बसवलेलं, लावणीला वाकताना डोक्यापासून पाठीपर्यंत पांघरतात ते. मोटरीवर उपडं घातलं. पाणी वरून गेलं, वारा खालून आला. तो पावसाळा मोटर जळली नाही, आणि कुणी का म्हणून विचारलंही नाही.

मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. साहेबांपुढे मांडते, तुमचं भलं होईल, असं मी काकांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, मंग मी कायम होईन का गो?"

पुस्तकाच्या भरवशावर मी हो म्हणाले.

साहेब खूश झाले आणि त्यांनी समिती नेमली. एका बैठकीत त्यांनी स्वतः इरलं पांघरून पाहिलं आणि चहा संपेपर्यंत काढलं नाही. खरेदी विभागाने पळसाच्या पानांसाठी तीन पुरवठादार शोधायला घेतले. काकांचा सत्कार करायचं ठरलं, तर फॉर्मवर कर्मचारी क्रमांक हवा, आणि ठेक्याच्या माणसाला तो नसतो. फॉर्म तर कोरा ठेवता येईना. तेव्हा कुणीतरी तोडगा काढला की नंबर इरल्यालाच देऊन टाकू, कंपनीची मालमत्ता म्हणून. स्टोअर माझं, त्यामुळे नंबराची पितळी पट्टी मीच तारेने बांधली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या. रजिस्टरात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, 'इरलं, एक नग, कायमस्वरूपी.' प्रकल्पाला मला उत्तम गुण मिळाले, पेढेही मीच वाटले.

इरल्याची पानं झडतात, ते पुन्हा शाकारावं लागतं, हे समितीत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेली, चिखलात पाय घातलाय कधी? पुढच्या वर्षी काकांनी ते दुरुस्तीला घरी न्यायचं ठरलं. मालमत्ता गेटबाहेर जाणार, म्हणून तिचा जाण्यायेण्याचा पास निघाला, तीन सह्यांचा. ते शाकारून होईपर्यंत इकडे ठेकेदार बदलला आणि काकांचा स्वतःचा पास जुन्या ठेकेदाराबरोबर रद्द झाला.

गेटवरून मला बोलावणं आलं तेव्हा पाऊस झोडपत होता. काका इरलं पांघरूनच आले होते, हिरवंगार, नवं शाकारलेलं. वॉचमन दोन्ही कागद पुन्हा पुन्हा तपासत होता. इरल्याचा पास बरोबर आहे, ते आत जाईल, काका नाही जाणार, असं त्याचं म्हणणं. मी साहेबांना फोन लावला. नियम सगळ्यांना सारखा, असं सांगून त्यांनी इरलं भिजू देऊ नका म्हणून बजावलं. मला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. नव्या ठेकेदाराशी बोलते, असं काहीतरी मी पुटपुटले.

काकांनी इरलं उतरवलं, पट्टी सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि ते माझ्या हातात दिलं.

"ने गो ताई आत," ते म्हणाले. "ते कायम हाय."

वॉचमनने वहीत वेळ लिहिली, इरल्याचा नंबर लिहिला आणि माझी सही घेतली. मी वळून पाहिलं तेव्हा काका उघड्या डोक्याने बिरवाडीच्या रस्त्याला लागले होते. त्या वर्षीही मोटर जळली नाही.